चौथ्या नावानंतरचा खोकला

पेरीनचं आणि माझं परसू एकच होतं. मध्ये एक नाशपातीचं झाड, त्याच्या अलीकडे माझी पावाची भट्टी, पलीकडे तिच्या नवऱ्याचा पिंपांचा कारखाना. रोज संध्याकाळी दिवा लागायच्या वेळेला ती दारात उभी राहून आपल्या पोरांची नावं देवापुढे घ्यायची. ज्याक, मातुरँ, रने, ब्लेझ. मग खोकायची. मग फिर्मँ, गॉतिए, एलुआ. उन्हाळा असो की हिवाळा, खोकला नेमका तिथेच. छातीत ओल धरली असेल असं समजून मी कितीदा तिला मधात उकळलेला ओवा नेऊन दिला असेल. मुकाट्याने प्यायची बिचारी.

एलुआ सातवा. मध्ये मुलगी न होता ओळीने सात मुलगे झाले, तर सातव्याच्या हातात गंडमाळ बरी करायचा गुण उतरतो, हे आमच्या ल्वार नदीच्या काठावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याच्या बरगडीवर डाग होता, तो राजाच्या निशाणावरच्या कमळासारखा दिसतो असं सुईण म्हणायची. मला विचाराल तर तो चेंगरलेल्या कोबीच्या पानासारखा दिसायचा. पण गाव कमळ म्हणालं, म्हणून कमळ.

पोरगा गुणी होता. नुसता गुणी नाही, चांगला होता. दर शुक्रवारी पहाटे, अनशापोटी, तो कारखान्याच्या उंबऱ्यावर बसायचा. मानेला गाठी आलेली, पू वाहणारी पोरं घेऊन आया यायच्या. तो गाठीवर बोटं ठेवून म्हणायचा, "बरं देव करणार, मी आपला हात लावतो." कुणाकडून कवडी घेतली नाही. बुवाबाजी केली नाही की मंत्र पुटपुटला नाही. काही पोरं बरी झाली, काही गेली. गेलेल्यांची कुणी आठवण काढली नाही, बऱ्या झालेल्यांची गाणी झाली.

हेच नडलं. गंडमाळ बरी करायचा हक्क खरा एकाचाच, राजाचा. मोठ्या सणाला तो महालाच्या अंगणात रोग्यांच्या रांगेतून फिरतो, प्रत्येकाला हात लावतो. देवाने त्याला राजा केलंय याचा तोच तर पुरावा. आता त्या रांगेत जाणारी माणसं वाटेतच आमच्या गावाला वळायला लागली. खानावळीत एक खेचरवाला दारू पिऊन मोठ्याने म्हणाला म्हणे, "राजाकडे कशाला पाय झिजवताय? पिंपवाला जवळ आहे, आणि त्याचे हात राजापेक्षा स्वच्छ!" सगळे पोट धरून हसले. एक जण हसला नाही.

महिन्याभरात दोघे आले, मागे चार शिपाई. एक बिशपचा माणूस, काळा, कोरडा, जेवतानाही हातमोजे न काढणारा. दुसरा पॅरिसचा वैद्य, गोल पोटाचा, बोलका, खिशात भिंग बाळगणारा. एलुआला चर्चच्या कोठारात बंद केलं. बिशपच्या माणसाकडे राजाच्या शिक्क्याचा हुकूम होता. गावात कुत्रीसुद्धा भुंकेनाशी झाली.

वैद्याने दोन दिवस बऱ्या झालेल्या पोरांच्या माना भिंगातून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या भट्टीवर आला आणि गरम पाव फुंकर घालत खाऊ लागला.

"काय वैद्यबुवा," मी विचारलं, "सापडला का सैतान?"

"सैतान कसला, बाई! पॅरिसच्या इस्पितळात असल्या गाठी मी ढिगाने पाहिल्यात. उन्हाळा आला, पोराच्या पोटात दूध-अंडी गेली, की बऱ्याच जणांच्या गाठी आपल्या आपण बसतात. कुणी हात लावो न लावो." मग त्याचा घास तोंडातच थांबला. त्याने दाराकडे पाहिलं. "हे मी काही बोललो नाही हं."

मी म्हटलं, "मी तरी कुठे ऐकलं." मला तेव्हा त्यात घाबरण्यासारखं काय ते कळलंच नाही.

त्याच संध्याकाळी आमचे पाद्रीबाबा पेरीनकडे आले. म्हातारे, भित्रे, पण मनाने लोण्यासारखे. भिंतीपलीकडून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"पेरीन, पोराने कुणाला लुबाडलं नाही, ते त्यांना पटलंय. पण जन्माने मिळालेला गुण म्हणतो, राजासारखाच! तेच अंगाशी येतंय. राजाच्या जहाजावर वल्ह्याला जखडतील."

"वल्ह्याला माणूस किती जगतो, बाबा?"

"ते नको विचारूस. अगं, तो सातवा नसता ना, तर मूर्ख म्हणून चार फटके मारून सोडला असता."

त्या संध्याकाळी पेरीनने नावं घेतली नाहीत. मी ओवा उकळून ठेवला होता, तो तसाच गार झाला.

सकाळी चर्चमध्ये अख्खा गाव जमला. एलुआला मधोमध उभं केलं होतं. हात बांधलेले, तरी आईला पाहून हसला. बिशपच्या माणसाने विचारलं, "तू स्वतःला सातवा मुलगा म्हणवतोस?"

तो उत्तर देणार एवढ्यात पेरीन उठली. साठीची बाई, लाकडी खडावा खटखटत थेट पुढे गेली.

"तो सातवा नाही, महाराज. ओळ तुटलेली आहे. ब्लेझच्या पाठीवर मला मुलगी झाली होती."

बाकं करकरली, अख्खा गाव पुढे वाकला. ती बोलतच राहिली.

"नवरा पिंपं घेऊन नदीने खाली गेला होता. बर्फ पडला होता. दिवस भरायच्या फार आधी, पोट कुणाच्या नजरेत यायच्या आतच झाली, आणि रडलीच नाही. बाप्तिस्मा नाही, म्हणून तिला चर्चच्या जमिनीत जागा नाही. कुठे तरी शेताच्या कडेला पुरा म्हणाले असते. मला ती जवळ हवी होती. मी आणि तेव्हाच्या म्हाताऱ्या सुईणीने तिला नाशपातीखाली ठेवली. ती म्हातारी वारली. मग हा जन्मला आणि सगळा गाव 'सातवा, सातवा' करत नाचायला लागला. तेव्हा कुठल्या तोंडाने सांगू? शिक्षा काय ती मला करा. माझ्या पोराच्या हातात काहीही नाही. तो साधा पिंपवाला आहे. सोडा त्याला."

तेव्हा मला तो खोकला कळला. इतकी वर्षं मी त्यावर ओवा पाजत होते! मला रडूच फुटलं.

पाद्रीबाबांनी सुटकेचा उसासा टाकला. आता फटके आणि घर, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही. पण एलुआ आईकडे बघत राहिला होता. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"आई, खरं हे?"

"खरं, बाळा."

"मग त्या पोरांच्या गाठी कशाने बसल्या गं?"

तो आपला भाबडेपणाने विचारून बसला. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. बिशपच्या माणसाने हळूच मान वर केली, आणि आल्यापासून पहिल्यांदा त्याने हातमोजे काढले.

"उत्तम प्रश्न," तो म्हणाला. "राजाने या पोरांना हात लावलेला नाही. जन्माचा गुण तुझ्याकडे नाही, हे तुझी आईच शपथेवर सांगते. तरीही गाठी बसल्या, हे वैद्यांनी भिंगातून पाहिलंय. देवाने दिलं नाही, तर ते बळ तुला दिलं कुणी?"

मागच्या बाकावर कुणी तरी छातीवर क्रूस केला. मग सगळ्यांनीच केला. ज्या बायांनी शुक्रवारी त्याच्यापुढे आपली लेकरं धरली होती, त्यांनी ती शालीखाली ओढून घेतली.

पेरीनला काय झालं ते कळायला वेळ लागला. ती एकदा बिशपच्या माणसाकडे, एकदा पोराकडे बघत होती. मी वैद्याकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला होता. तोंड उघडलं होतं. मी मनात म्हटलं, आता बोल, देवा शप्पथ, बोल. त्याची नजर टेबलावरच्या राजाच्या शिक्क्यावर गेली. गाठी आपल्या आपण बसतात असं म्हटलं, तर महालाच्या अंगणात बसतात त्या कशाने? हा प्रश्न तिथे आपोआपच उभा राहिला असता. तो खाली बसला.

मला राहवेना. मी ओरडले, "वैद्यबुवा, काल माझ्या भट्टीवर जे सांगितलंत ते सांगा की इथे!"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. तो घामाने निथळत होता, पण आवाज अगदी गोड होता.

"काल मी तुझ्या पावाची तारीफ केली, बाई. दुसरं काही बोलल्याचं मला आठवत नाही."

दोन शिपायांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. आतून पेरीनचा आवाज येत होता, "मी खोटं बोलले! तो सातवाच आहे! मुलगी झालीच नव्हती!" मग बिशपचा माणूस आणि शिपाई माझ्या पुढून आमच्या परसात गेले, फावडी घेऊन. नाशपातीच्या मुळाशी त्यांना फार खणावं लागलं नाही.

एलुआला नदीच्या वरच्या अंगाला, ओर्लेआं शहरात नेलं. गाडीत बसल्यावर त्याने बांधलेले हात मांडीखाली दडवले होते, चुकून कुणाला लागू नयेत म्हणून. पुढे नावाड्यांनी सांगितलं की जाळला, आणि राख पुलावरून नदीत टाकली. आमच्याच नदीत. त्या वर्षी मी भट्टीसाठी नदीचं पाणी आणलं नाही, विहिरीचं खारट पाणी वापरलं. लोक कुरकुरले, कुरकुरू दे.

पेरीनला कुणी शिक्षा केली नाही. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. झाड तोडलं होतं, तरी दिवा लागायच्या वेळेला ती त्याच दारात उभी राहायची. ज्याक, मातुरँ, रने, ब्लेझ, आणि मग न थांबता, मोठ्याने, बर्फात जन्मलेल्या त्या मुलीचं नाव: नोएल. मग फिर्मँ, गॉतिए.

आणि मग खोकायची.