एकच झडप

सरोजबाई कारखानीस ऑफिसात कुणालाच आवडत नसत, आणि त्यांनाही कुणी फारसं आवडत नसे. डोंबिवलीतल्या घरून रोज ठाण्याच्या एका खासगी हृदयरोग रुग्णालयात यायचं, बिलिंगच्या तीन नंबरच्या खिडकीत बसायचं आणि वाकड्या तोंडाने काम करायचं, हे एकोणीस वर्षं चाललेलं. काम तसं साधं दिसे. ऑपरेशनची नोंद वाचायची, जे झालं त्याचा ठरलेला कोड शोधायचा आणि तो सरकारी आरोग्य योजनेच्या पोर्टलवर टाकायचा. त्या कोडावर रुग्णालयाला पैसे मिळत. बाईंचा कोड कधी चुकला नव्हता, आणि हे त्या दिवसातून एकदा कुणाला तरी ऐकवत.

आंबिवलीची मालन नवऱ्याची, धाकूची, फाइल ऑपरेशनच्या मंजुरीसाठी घेऊन आली तेव्हा बाईंनी तिला तीनदा परत पाठवलं. रेशनकार्डावर आणि आधारकार्डावर धाकूचं नाव वेगवेगळं होतं.

"अवो, माणूस योकच हाय!" मालन खिडकीवर हात आपटून म्हणाली.

"मला माणूस दिसत नाही, कागद दिसतो. पुढचा कोण?"

चौथ्या खेपेला कागद जुळले आणि धाकूचं ऑपरेशन झालं. मालनने बाईंचे आभार मानले नाहीत. जाताना भिंतीकडे बघून एक शिवी हासडली, ती बाईंनी ऐकली.

आठवड्याने धाकूची फाइल अंतिम बिलासाठी टेबलावर आली. सर्जनची नोंद स्पष्ट होती. हृदयाची मिट्रल झडप खराब, ती काढून कृत्रिम बसवली. महाधमनीची झडप तपासली, ती ठीक. प्रत्येक कृत्रिम झडपेच्या खोक्यावर नंबराचं स्टिकर असतं, ते सोलून फाइलीत डकवतात. या फाइलीत एकच स्टिकर होतं. पण वर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'डबल व्हॉल्व्ह', म्हणजे दोन झडपांचा, जास्त पैशांचा कोड. अक्षर केदारचं.

केदार विभागप्रमुख, बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान. बाई फाइल घेऊन त्याच्या केबिनमध्ये शिरल्या.

"दोन कुठे बदलल्यात?"

"ताई, टाका ना तुम्ही. डॉक्टरांशी बोलणं झालंय."

"मग डॉक्टरांनी लिहून द्यावं."

"प्रत्येक गोष्टीत आडवं जायलाच हवं का? तुमच्या खिशातून जातंय का काही?"

"माझ्या नावाने जातंय," बाई म्हणाल्या. "एकच झडप बदललीय. एकच टाकणार."

केदार हसला. पण फाइल अडली, त्यामुळे धाकूचा डिस्चार्जही अडला. दुसऱ्या दिवशी मालन खिडकीवर आली, ती पेटूनच. "नवरा माझा खाटंवर पडलाय आनि ही भवानी कागदावर बसलीय! तुला काय माणसाचं काळीज हाय का न्हाई?" रांगेतले लोक वळून बघू लागले. केदार मागेच उभा होता. तो मालनला समजुतीच्या सुरात म्हणाला, "काय करणार मावशी, आम्ही तयार आहोत. मॅडमच सोडत नाहीत."

बाईंनी खालचा ओठ दातांत धरला. खरं सांगायला तोंड उघडलं असतं, तर सगळ्या रांगेसमोर रुग्णालयाची लक्तरं वेशीवर टांगावी लागली असती. त्यांनी पुढची फाइल ओढली. सहाला दहा मिनिटं कमी असताना हजेरीच्या मशीनवर अंगठा लावून घरी गेल्या.

सकाळी पाहतात तर बिल गेलेलं. दोन झडपांचा कोड, बाईंच्याच लॉगिनमधून. विभागातल्या सगळ्यांचे पासवर्ड केदारच्या वहीत असत. त्याचाच हुकूम होता तसा.

महिन्याभरात योजनेची नोटीस आली. दोन झडपांसाठी एकाच नंबरच्या स्टिकरचा फोटो दोनदा जोडला होता. रुग्णालयाने उत्तर दिलं की चूक कर्मचारी श्रीमती कारखानीस यांची आहे, त्यांना निलंबित केलं आहे. ज्यांच्याबरोबर एकोणीस वर्षं डबा खाल्ला, त्यांतलं कुणीही एक शब्द बोललं नाही. दीप्ती नावाची मुलगी तर बाईंच्या खुर्चीत त्याच दुपारी बसली.

बाईंना मूळ फाइल बघूही देईनात. मग त्यांना आठवलं, झडप बसवलेल्या रुग्णाला एक कार्ड देतात. कोणती झडप, काय नंबर, सगळं त्यावर असतं. ते कार्ड मालनकडे होतं.

आंबिवलीला स्टेशनपासून चालत जाऊन त्यांनी चाळीतलं दार वाजवलं. मालनने दार उघडलं आणि उंबरठ्यातच आडवी उभी राहिली.

"आता काय राहिलं? आमचं नाव अजून जुळंना का?"

"तुमच्या नवऱ्याचं कार्ड बघायचंय. फोटो काढून लगेच जाते."

"उद्या या."

दुसऱ्या दिवशी गेल्या तर म्हणाली, धाकू झोपलाय. तिसऱ्या दिवशी दाराला कुलूप, आणि आत टीव्हीचा आवाज. चौथ्या दिवशी बाई ओरडल्याच.

"नका देऊ! पण कागदावर तुमच्या नवऱ्याच्या दोन झडपा बदलल्यात. उद्या दुसरी खरंच बिघडली तर योजना म्हणेल, ही आधीच बदललीय, पैसे उचललेत. तेव्हा कुणाच्या दारात जाणार?"

आतून धाकूचा बारीक आवाज आला, "दे गं तिला."

मालनने कार्ड आणलं, पण हातात दिलं नाही. स्वतः धरून उभी राहिली आणि बाईंनी फोटो काढला. एक झडप, मिट्रल, एक नंबर.

"पानी नाय इचारनार," मालन म्हणाली.

"नकोच आहे," बाई म्हणाल्या.

योजनेच्या चौकशीत बाईंनी दोन गोष्टी ठेवल्या: कार्डाचा फोटो आणि हजेरीच्या मशीनची नोंद. बिल सव्वासातला गेलं होतं, बाई त्याआधी सव्वा तासाहून जास्त वेळ बाहेर पडल्या होत्या. केदारने घाम पुसत सांगितलं की ताईंचा स्वभावच तसा, सगळ्यांशी वैर. चौकशी अधिकारी म्हणाले, "स्वभावाचा कोड नसतो. मशीन काय म्हणतंय ते सांगा."

रुग्णालयाला जादा पैसे दंडासह परत करावे लागले. केदारची बदली दुसऱ्या शाखेत झाली, बढती देऊन. बाईंचं निलंबन मागे घेतलं, आणि त्याच पत्रात त्यांना तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये टाकलं. त्या एक दिवसही तिथे बसल्या नाहीत. राजीनामा लिहिला, पण तो देण्याआधी धाकूचा, एकच झडप बदलल्याचा सुधारित डिस्चार्ज कागद सही-शिक्क्यानिशी काढून घेतला. त्यासाठी चार माणसांशी भांडल्या.

कागद त्यांनी रजिस्टर पोस्टाने आंबिवलीला पाठवला. पोहोचपावती आठ दिवसांनी आली. त्यावर मालनचा अंगठा होता, एवढा दाबून उमटवलेला की मागच्या बाजूला शाई फुटली होती.