लांडग्याची बातमी आणि आठवीचा वर्ग

रेश्मा मुलाणी माझी बी.एड.ची मैत्रीण. बारामतीत राहते आणि इंदापूरच्या अलीकडे, माळरानाला लागून असलेल्या एका गावातल्या शाळेत शिकवते. तिच्या आठवीच्या वर्गात रोजचा पेपर पाठ्यपुस्तकासारखा वाचतात, असं ती फोनवर सांगायची, आणि दर वेळी शेवटी म्हणायची, "ये की एकदा बघायला." जानेवारीत मला दोन दिवस सुट्टी मिळाली आणि मी पिंपरीहून निघाले.

स्वारगेटवरून सकाळची एसटी पकडली. सासवड, जेजुरी, मोरगाव असा रस्ता. बायकांना निम्मं तिकीट, त्यामुळे खिडकीशेजारी बसून एवढा प्रवास फार स्वस्तात होतो. फक्त या दिवसांत जाणार असाल तर वेळ हाताशी ठेवा. उसाचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पुढे आले की गाडी त्यांच्या चालीने चालते. मला त्याचंही काही वाटलं नाही, कारण खिडकीतून कापलेल्या उसाचा ओला गोड वास येत होता आणि मी वर्गात काय बघायला मिळेल याच विचारात होते.

बारामतीच्या स्टँडवर रेश्मा घ्यायला आली होती. तिच्या अम्मींनी रात्री बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं. जेवताना रेश्माने सांगितलं की उद्याचा तास तापणार आहे. गावाचीच बातमी पेपरात आली होती.

सकाळी तिच्या स्कूटीवरून निघालो. उसाचा हिरवा पट्टा मागे पडत गेला, निमगाव केतकीनंतर डाळिंबाच्या बागा लागल्या, आणि मग एकदम मोकळं, पिवळ्या गवताचं माळरान सुरू झालं. इथेच लांडगे असतात. बातमी त्यांचीच होती.

वर्गात मुलं गट करून बसली होती, प्रत्येक गटाकडे त्या पेपराची एक प्रत. मथळा होता, 'लांडग्यांची दहशत, तीन शेळ्या फस्त'. फळ्यावर रेश्माने सहा ककार लिहिले: काय, कोण, कुठे, केव्हा, का, कसे. प्रत्येकाचं उत्तर बातमीत शोधायचं आणि ते कोणी सांगितलंय तेही सांगायचं. मुलं तुटून पडली. 'दहशत' हा शब्द माहिती आहे की मत, यावर दोन गटांत चांगलंच वाजलं. एक मुलगा म्हणाला की लोक घाबरलेत, म्हणजे ती माहितीच. दुसऱ्या गटाने विचारलं, किती लोकांना विचारलं ते बातमीत कुठं लिहिलंय?

तेवढ्यात प्रणाली उभी राहिली. शेळ्या तिच्या आजोबांच्या होत्या, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"बातमीत सरपंच बोलल्यात, फॉरेस्टचं साहेब बोलल्यात," ती म्हणाली. "ज्याच्या शेळ्या गेल्या, त्यो कुठं हाय?"

मग मागून कोणीतरी सांगितलं की आज संध्याकाळी देवळासमोर बैठक आहे. माळावरच्या बिळात लांडग्याची पिल्लं आहेत, तिथे धूर द्यायचा बेत ठरतोय. रेश्माने माझ्याकडे पाहिलं. तिला हे नवीन होतं. तिने प्रणालीला विचारलं, आजोबांना दुपारी शाळेत आणशील का?

दुपारी आजोबा, म्हणजे तात्या, आले. डोक्याला पांढरा पटका, बूट दाराबाहेर काढून ठेवलेले. मुलांनी त्यांना खुर्ची दिली आणि पत्रकार परिषद भरवली. कोणती शेळी गाभण होती, रात्री शेळ्यांच्या वाडग्याचं दार कसं लावलं होतं, सगळं विचारलं. तात्याही खुलून सांगत होते. शेवटी प्रणालीची पाळी आली.

"तात्या, तुमी लांडगा बघितला का?"

तात्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं रेश्मा मध्ये पडेल, पण ती थांबली, आणि मुलंही थांबली.

"न्हाय," ते म्हणाले. "रातभर कुत्री भुकत व्हती. सकाळी शेळ्या पडलेल्या. समदी म्हणली लांडगा, म्या बी म्हणलं लांडगा."

ही कबुली सोपी नव्हती. लांडग्याने मारलं तर सरकारी भरपाई मिळते, मोकाट कुत्र्यांनी मारलं तर तिची आशा नाही, हे तात्यांना ठाऊक होतं. वर्गातल्या मुलांनाही.

बैठकीला आम्ही दोघी मागे उभ्या राहिलो. तात्यांच्या मुलाखतीवरून मुलांनी दुपारीच लिहिलेलं बातमीपत्र प्रणालीने वाचून दाखवलं. एकही ओळ गाळली नाही. काही तरुण चिडले. पोरांनी आता आम्हाला शिकवायचं का, असं एकाने विचारलं. तेव्हा तात्या उठले आणि म्हणाले, "शेळ्या माझ्या व्हत्या. म्या बघितलं न्हाय. ज्यानं बघितलं, त्यानं सांगावं." कोणीच पुढे आलं नाही. बरीच बाचाबाची झाली आणि अखेर ठरलं की आधी वनरक्षकाला बोलावून वाडग्यापाशी कॅमेरा लावायचा, तोवर बिळाकडे कोणी जायचं नाही. परतताना स्कूटीवर आम्ही दोघी मोठमोठ्याने बोलत होतो. थंडीने दात वाजत होते, तरी बोलणं थांबेना.

परतीला मी इंदापूरहून सोलापूर महामार्गाची बस धरली आणि मुद्दाम भिगवणला उतरले. उजनी धरणाच्या फुगवट्यावर या दिवसांत रोहित पक्षी येतात. नावेत बसण्याआधी भाडं ठरवून घ्या आणि सकाळी लवकर जा. दुपारी तिथल्या खानावळीत चिलापी माशाचं झणझणीत कालवण खाल्लं. जाणार असाल तर हे चुकवू नका.

घरी येऊन आता काही आठवडे झालेत. मी शिकवते त्या शाळेतही शनिवारचा पेपर-तास सुरू झालाय. पण मला राहून राहून आठवते ती पटका मांडीवर घेऊन बसलेल्या तात्यांची शांतता, आणि त्यांना घाई न करणारी ती मुलं.

परवा रेश्माचा फोन आला. पिल्लं बिळाबाहेर खेळताना दिसली. कॅमेऱ्यात कुत्र्यांची टोळी आलीये, आणि एका रात्री लांबून जाणारा एक लांडगाही. वर्गात नव्या बातमीपत्राच्या मथळ्यावरून जोरदार भांडण झालं म्हणे. शेवटी ठरला तो असा: 'कुत्री दिसली, लांडगाही दिसला, पण त्या रात्री कोण आलं होतं ते अजून माहीत नाही.'

एवढा लांब मथळा कागदावर मावणार नाही, असं रेश्मा म्हणाली. प्रणालीने सांगितलं, "मग अक्षर बारीक काढू, मॅडम."