भाऊजींनी मोजून आणलेला फ्लॅश

अंतरपाट खाली आला आणि आमच्या धाकट्या दिरांच्या फ्लॅशनं नवरानवरीला पिठात घोळून काढलं. नवरी माझी नात; तिनं एकच फोटो मागितला होता, अंतरपाट सरताच दोघं एकमेकांकडे बघतात तो. त्यात तिचं नाकसुद्धा उमटलं नाही. नुसतं कुंकू आणि मुंडावळ्या. घरात मी असताना बाहेरचा फोटोग्राफर कशाला, असं म्हणून भाऊजींनीच सगळ्यांना गप्प केलं होतं.

इतकं मोजूनमापून घोळ घालणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नसेल. अंबडच्या कारखान्यात मापं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर माझ्या भाकरीला जाडी मोजायचा व्हर्नियर लावून कडेला पातळ आहे म्हणून सांगत, खात मात्र चार. द्वारका चौकाजवळच्या दुकानात फ्लॅश घेतानाही त्यांनी त्याचा पाय मोजला, कॅमेऱ्याच्या डोक्यावरची खाच मोजली. केसाचाही फरक नाही, मग घेतला. कॅमेरा कोणत्या कंपनीचा, असं दुकानदार विचारत होता, तर त्यालाच म्हणाले, "माप जुळलंय, नाव कशाला पाहिजे?"

लग्नानंतर दोन दिवस ते धड जेवले नाहीत. मग दुकानात जाऊन शिकून आले आणि मला समजावत बसले. मी चौथी शिकलेली, पण कळलं. कॅमेऱ्याच्या जोडीचा फ्लॅश आधी बारीक उजेड टाकतो, परत आलेला उजेड कॅमेरा मोजतो आणि किती टाकायचा ते फ्लॅशला सांगतो. आपला फ्लॅश दुसऱ्याच कंपनीचा, खाचेत घट्ट बसला होता, पण कॅमेऱ्याचं त्याला ऐकूच येत नव्हतं. असेल तेवढा उजेड ओतून मोकळा. मी म्हटलं, "तुमच्यावर गेलाय."

जोडीचा फ्लॅश आला, तर अंतरपाट म्हणून धरलेल्या पांढऱ्या चादरीला फसून कॅमेरा उजेडच कमी मागू लागला. उजेड किती वाढवायचा ते जमेपर्यंत पंधरा दिवस मला चादरीमागे बसवून त्यांनी माझं तोंड कधी काळं, कधी राखाडी काढलं.

"वहिनी, डोळे मिटू नका."

"मग एका फोटोला दोनदा चमकवता कशाला?"

नात माहेरी आली तेव्हा भाऊजी तिच्यापुढे उभे राहिले. "पोरी, चुकलं माझं. पुन्हा एकदा उभी राहशील?" तिनं पुन्हा शालू नेसला, नातजावयानं फेटा बांधला. चादर खाली आली आणि ती नवऱ्याकडे बघून हसली, नाकासकट.

तो फोटो आता तिच्या घरी भिंतीवर आहे. भाऊजी त्यात नाहीत. सगळ्या घराचे फोटो त्यांनी काढले, त्यांचा कुणी काढला नाही. चादरीचं एक टोक सुनेनं धरलंय. दुसऱ्या टोकाला जो सुरकुतलेला हात दिसतो, तो माझा.