आमच्या टाकीतले जंतू गेले तेव्हा

हे कोणाला सांगायचं नाही, असं आईने मला दोनदा बजावलंय. एरवी मी फारशी बोलतच नाही, त्यामुळे तिला माझी काळजी नसते. पण न बोलणाऱ्या माणसापाशी किस्से जास्त साठतात. आमच्या जिन्याखाली सॅनिटायझरचे कॅन साठले होते, तसेच!

*

कॅनचं असं झालं. कोरोनात सोसायटीसाठी सॅनिटायझर मागवायचं ठरलं आणि ते तिघांनी मागवलं. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे विसरतील. कोपरची आमची छोटी बिल्डिंग, बिऱ्हाडं आठ, कॅन तीस!

यंदा बाबा सेक्रेटरी झाले. त्यांनी कॅनवरच्या तारखा पाहिल्या आणि मीटिंगमध्ये जाहीर केलं, "एक्स्पायर झालंय. सध्या प्रत्येकाने एकेक कॅन आपल्या संडासात ओता."

सगळ्यांनी ओतला. आमच्या सोसायटीत एकमताने झालेलं हे पहिलं काम. तळमजल्यावरचे तांबेकाका तर खूश होऊन म्हणाले, "आत बसलं की अ‍ॅडमिट झाल्यासारखं वाटतं!"

*

आमच्याकडे गटाराची लाइन नाही. सगळं अंगणातल्या सेप्टिक टाकीत जातं आणि टाकी बरोबर आमच्या खिडकीखाली. काही दिवसांतच असा वास सुटला की आईने पोळ्यासुद्धा खिडकी बंद करून केल्या.

त्यात रविवारी ताईला बघायला विठ्ठलवाडीहून माणसं येणार होती. मुलगा तिच्याच ऑफिसातला, तिला मनापासून आवडलेला. ती रोज खिडकीत उभी राहून श्वास घ्यायची आणि रडवेली व्हायची. "बाबा, ते जिन्यातूनच परत जातील हो!"

बाबांनी टाकी उपसणाऱ्या टँकरवाल्या मामांना बोलावलं. मामा झाकण उघडून आत डोकावले आणि म्हणाले, "साहेब, आतले सगळे गेलेत."

तांबेकाकू किंचाळल्या, "अगं बाई! कोण?"

"जंतू! मैला तेच खातात. तुम्ही सॅनिटायझर ओतून मारलेत त्यांना."

कोरोनात आम्ही जंतू मरावेत म्हणून काय काय केलं होतं! आणि आता अख्खी बिल्डिंग टाकीभोवती खाली मान घालून उभी होती. तांबेकाकांनी तर टोपी काढली.

*

"मग उरलेल्या कॅनचं काय करू?" बाबांनी विचारलं.

"ओतू नका, जाळू तर अजिबात नका. झाकण घट्ट लावा, गॅसपासून लांब ठेवा आणि थोडं थोडं हाताला लावून संपवा."

बाबांनी लगेच नियम काढला. जिना चढताना दोनदा हाताला, उतरताना दोनदा. बाहेरच्यांनाही! तेव्हापासून कुरिअरवाला गेटवरूनच ओरडतो, "मॅडम, दोरीला पिशवी बांधून खाली सोडा. हाताची सालं निघालीत माझ्या!"

*

मामा म्हणाले होते, टाकी उपसली तरी नवे जंतू वापराने हळूहळू आपोआप येतील. पण रविवार हळूहळू येत नव्हता!

तोडगा दुसऱ्या मजल्यावरच्या मोरेआजींनी काढला. "दही लावायला घरात विरजण नसलं की आपण शेजारून आणतो ना? तसंच आणा की!"

बाबा खरंच बादली घेऊन मागच्या बिल्डिंगमध्ये गेले. तिथले सेक्रेटरी खूप विचार करून म्हणाले, "देतो हो. पण आमच्यातले कमी नाही ना पडणार?"

*

रविवारी वास बऱ्यापैकी कमी होता. पोहे झाले, ताईचं हसून झालं. मग मुलाच्या आईने "बाथरूम कुठे?" म्हणून विचारलं. मी दाखवायला गेले, तर दारात त्यांनी पर्समधून निळी बाटली काढली. "बाहेर कुठे गेलं की मी आधी हे ओतते गं. जंतू मरतात."

त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि मी किंचाळलेच, "काकू, नको! आत्ताच नवीन आलेत!"

हॉलमध्ये ताईने डोळे मिटून घेतले.

मुलाचे वडील उठून आले. "कोण आलेत?"

"जंतू," मी म्हटलं. "टाकीतले. शेजारून आणलेत."

ते बायकोकडे वळले. "ऐकलंस? मी सहा महिने काय सांगतोय तुला? आपल्या चाळीची टाकी तुझ्या बाटल्यांनीच मेलीय!" आणि बाबांना म्हणाले, "साहेब, मुलगी पसंत आहे. एक रिकामी बादली मिळेल का?"

मग सगळे अंगणात. बादली एका बाजूने बाबांनी धरली, दुसरीकडून त्यांनी. मुलगा ताईला म्हणाला, "झाकण तू धर." ती लाजत पुढे झाली, आणि तेवढ्यात मुलाच्या आईने ती निळी बाटली माझ्या हातात कोंबली आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "बाळा, ही तुझ्या ताईच्या रुखवतात कुठेतरी खाली लप—

आले गं आई! नाही, काही नाही, अभ्यासच