न ऐकलेल्या फायली

राजापेठेतल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात एक नेम होता: गिऱ्हाइकाची फाइल उघडून पाहायची नाही. लोकांच्या घरातलं आपल्याला काय करायचंय? या नेमाचा मला भारी ताठा होता.

चांदूर बाजारकडे झेंडू-शेवंती पिकवणारं एक जोडपं आलं. बाईंच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. मुलगी जेमतेम दोन वर्षांची. तिच्यासाठी बाईंनी मोबाइलवर गाणी, गोष्टी, अगदी रागावणंसुद्धा बोलून ठेवलं होतं. ती शाळेत जायला लागली की ऐकवायचं, असं त्यांनीच ठरवलेलं. दुकानात बाई गप्पच होत्या, बोलला नवरा. "मोबाइल कवाही फुटते, भाऊ. पक्कं ठेवून द्या."

मी ते सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर घेतलं आणि वेगळ्या डिस्कवर बॅकअप लावून दिला. त्यात दोन प्लगिन, म्हणजे वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं, होती. एक फाइल दाबून लहान करणारं, दुसरं तिला कुलूप घालणारं. दर आठवड्याला नवी प्रत जुनीवर चढायची. पुढे कुलपाच्या प्लगिनची नवी आवृत्ती आली, ती मी हौसेनं टाकली. दाबणारं जुनंच राहिलं. दोघांचं पटेना, पण पडद्यावर 'सगळं ठीक'ची हिरवी खूण येतच राहिली. एक फाइल परत काढून वाजवली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण आमचा नेम ना!

मोबाइल केव्हाच गेला होता. मुलगी शाळेत जायला लागली, आणि तिला काही ऐकवायच्या आतच कॉम्प्युटरची डिस्कही गेली. नवरा निर्धास्त होता. "बॅकअप हाये ना आपला!"

फायली कुलपातून निघाल्या, पण उलगडेनात. जुनी आवृत्ती टाकून पाहिली, नवी टाकून पाहिली, आठ दिवस जिवाचं रान केलं. बॅकअपमध्ये उतरतानाच नासलेलं कशानं सुधारणार?

त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. नवरा एवढंच म्हणाला, "तुमी काई मुद्दाम थोडी केलं." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाई उठून आत गेल्या. मला स्वतःची लाज वाटली, अजूनही वाटते.

मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. शाळेचा गणवेश अंगावरच होता.

"काका, इतके दिवस तुमीच सांभाळलं ना ते? मंग सांगा ना मले, आईचा आवाज कसा होता?"

"लय गोड," मी म्हणालो.

मी तो एकदाही ऐकला नव्हता.