लाइन बंद आहे, काम करा

आमच्याकडे वीज गेली की लोक आधी आभाळाकडे पाहतात आणि मग आम्हाला शिव्या घालतात. मोताळा तालुक्यातल्या एका वीज उपकेंद्रात मी ऑपरेटर आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम म्हणजे निव्वळ आराम वाटतो. एक खोली, भिंतीला लागून लोखंडी कपाटांसारखं पॅनल, एक फोन आणि मागे तारा-खांबांचं, खडी पसरलेलं यार्ड. माझा नवरा तर कितीतरी दिवस म्हणायचा, "तुले तं नुसता खुर्चीवर बसाचा पगार हाय." मीही त्याला सोडत नाही, ते वेगळं.

खरं काम एका वाक्याचं आहे. लाइनमन खांबाखाली उभा राहून फोन करतो आणि परमिट मागतो. आम्ही तिथल्या गावांची लाइन बंद करायची, यार्डात जाऊन तारांचा जोड खरंच सुटलाय हे डोळ्यांनी पाहायचं, पॅनलवर पाटी लटकवायची आणि मग फोनवर म्हणायचं, "लाइन बंद आहे, काम करा." या वाक्याच्या भरवशावर माणूस खांबावर चढतो. काम झालं की ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं. बाकी कोणीही सांगितलं, अगदी साहेबांनी सांगितलं, तरी लाइन चालू करायची नाही. हे सगळं मला भाऊंनी शिकवलं.

भाऊ आमच्यातले सगळ्यात जुने ऑपरेटर. आवाज असा की फोन नसता तरी खांबापर्यंत गेला असता. एका दुपारी त्यांनी रीतसर लाइन बंद केली, पाहिली, पाटी लावली आणि परमिट दिलं. पण त्या लाइनवरच्या एका मंगल कार्यालयात लाइट गेली म्हणून कोणीतरी जनरेटर जोडला, तोही मेन स्विच न पाडता. त्याचा करंट तारांत परत आला. चुकून करंट आलाच तर तो जमिनीत उतरावा म्हणून तारांवर अर्थिंगची साखळी टाकतात, ती टाकायला लाइनमन वर चढला होता. साखळी पडायच्या आधीच तारेला हात लागला. तो खाली फेकला गेला. खालच्या हेल्परने ओरडून फोन केला, "भाऊ, लाइन बंद हाय म्हने ना तुमी?"

लाइनमन वाचला. हात भाजला, बोटं आखडली, पाठीचं हाड मोडलं, पण वाचला. चौकशीत भाऊंचा काडीचाही दोष निघाला नाही. पण ते एक वाक्य त्यांच्या कानातून निघेना. लाइन बंद करून, यार्डात पाहून आले की पुन्हा पाहायला जायचे, दारापर्यंत येऊन परत फिरायचे. घरी जेवता जेवता उठून सगळी बटणं तपासायचे. शेवटी एका सकाळी ते फाटकापाशी आले आणि आत पाऊल टाकेनात. मी हात धरून त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. एवढा मोठा माणूस पोरासारखा रडला. मीही रडले.

आधी दर्ग्यात दोरा बांधून झाला, मग बुलढाण्याचे डॉक्टर झाले. कित्येक महिने ते रजेवर होते. गावात तोपर्यंत ते 'येडे' ठरले होते. डॉक्टरांनी सांगितलं, आता कामावर जाऊ द्या, पण हळूहळू; सुरुवातीला दिवसातले थोडेच तास आणि सोबत कोणीतरी. स्टोअरमध्ये बसण्याचाही पर्याय होता. भाऊ डॉक्टरांना म्हणाले, "पॅनलवर बशीन, नाईतं घरीच बरा." आमचे साहेब तरुण, पण माणूस भला. त्यांनी सोबतीला मला दिलं आणि बाजूला घेऊन सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघू. एकट्याने परमिट देता आलं नाही, तर मला त्यांना स्टोअरला पाठवावंच लागेल." स्टोअर म्हणजे भाऊ घरी बसणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मग आमच्या लोकांनी एक शहाणपणा केला. परत येणाऱ्या माणसाचं कौतुक करायचं म्हणून सगळ्यांनी मिळून भाऊंचा सत्कार ठेवला. टेबल मांडलं, वर पांढरी चादर घातली. साहेबांनी शाल पांघरली, हातात नारळ दिला. एकाने भाषण ठोकलं, "भाऊंनी आपल्यासाठी लय केलं." टाळ्या झाल्या, पेढे झाले. भाऊंनी नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि ते कोणाकडेच बघत नव्हते. मला वाटलं, भरून आलं असेल.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. दुपारी वहिनींचा फोन आला. "बाई, तुमी त्यायले घरी बशिवलं का हो? सांगाचं तरी होतं."

मी डोक्याला हात लावला. त्याच खोलीत, त्याच टेबलापाशी, त्याच चादरीवर आमच्याकडे रिटायर होणाऱ्यांना शाल आणि नारळ देतात. भाऊंनी स्वतः किती जणांना दिला होता! ड्यूटी संपल्यावर मी स्कूटी काढली आणि तडक त्यांच्या घरी गेले. नारळ देवापुढे ठेवलेला, शाल खुंटीला. भाऊ ओसरीवर.

"काऊन आले नाही?"

"नारळ देल्यावर कोनी येते का, बाई?"

"भाऊ, त्या गाढवांना दुसरं काही येत नाही. लग्न असो, बदली असो, निवडणूक असो, यांचं आपलं शाल अन् नारळ! तुम्हाला बसवलं असतं तर मी पेढा खाल्ला असता का?"

ते जरासे हसले. कितीतरी महिन्यांनी ते हसू मी पाहिलं. म्हणाले, "मंग तो फोडत नाई आत्ता. राहू दे, पयलं परमिट देईन तवा पाहू."

ते परत आले, पण आमच्या लोकांचं प्रेम काही आटपेना. भाऊ उठले की, "तुमी बसा, भाऊ." फोन वाजला की तिघं धावायचे. यार्डाकडे निघाले की कोणी तरी पाणी घेऊन मागे. त्यांच्याच घरात त्यांना पाहुण्यासारखं वागवत होते. मी एकदा सगळ्यांसमोर फटकारलं, "ते आजारी होते, बाळंत झालेले नाहीत. काम करू द्या त्यांना!" बाळंतपणाचं नाव काढल्यावर पुरुषमंडळी पांगली.

आधी त्यांनी नुसती मीटरची रीडिंग घ्यायची ठरलं. मग लाइन बंद-चालू करायची, पण फोनवर मी बोलायचं. त्यांचं ते पुन्हा पुन्हा पाहायला जाणं मात्र सुटत नव्हतं. तिकडे ऊन डोक्यावर घेऊन लाइनमन खोळंबलेले, इकडे कापसाला पाणी देणारे शेतकरी फोनवर तापलेले. एक जण म्हणाला, "तो येडा बसला काय पॅनलवर?" मी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी आम्ही दोघांनी एक रीत पाडली. यार्डात सोबत जायचं. त्यांनी पाहून मोठ्याने म्हणायचं, "पाह्यलं." मी म्हणायचं, "मीही पाहिलं." आणि मग मागे वळून बघायचं नाही. पहिल्या दिवशी ते वळलेच. मी तिथेच उभी राहिले. हळूहळू वळणं कमी झालं. पण फोनवर ते वाक्य? फोन हातात घेतला की ओठ हलायचे, आवाज नाही. दिवाळी तोंडावर आली होती आणि मी मनातून हरले होते.

अशात एका सकाळी फोन वाजला. मी उचलला. तोच, त्या दुपारी भाजलेला लाइनमन. तो कामावर रुजू झाल्याचं ऐकलं होतं, पण भाऊंशी अजून भेट झाली नव्हती. दोघंही एकमेकांना टाळत असावेत.

"परमिट पाह्यजे. पॅनलवर कोन हाय?"

"मी आहे. बोला."

"भाऊ नाईत का?"

"आहेत."

"मंग त्यायले द्या. मले त्यायच्याकूनच पाह्यजे."

मी फोन पुढे केला. भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. फोन कानाला लावून ते ऐकत राहिले. तिकडून काय बोलणं झालं मला कळलं नाही. भाऊंनी फोन टेबलावर ठेवला, पॅनलपाशी गेले, लाइन बंद केली. यार्डात मी मागे निघाले तर हाताने मला थांबवलं. खिडकीतून मी पाहत होते. ते गेले, पाहिलं, एकटेच काहीतरी म्हणाले आणि वळून न बघता आले. पाटी लावली. फोन उचलला.

"लाइन बंद आहे, काम करा. साखळी टाकल्याबिगर हात लावशील तं याद राख!"

तोच जुना आवाज. बाहेरचा वॉचमन दचकून आत डोकावला.

नंतरचा वेळ कसा गेला ते आमचं आम्हाला माहीत. भाऊ पाटीकडे बघत बसले होते, मी त्यांच्याकडे. चहा आला, निवला. मग फोन वाजला आणि या वेळी त्यांनीच उचलला. मी कान जवळ नेला.

"भाऊ, काम झालं. परमिट परत घ्या."

"समदे उतरले?"

"उतरले."

"मोजले?"

"मोजले, भाऊ. मीबी त्याच्यात हाय."

भाऊंनी डोळे पुसले, पाटी काढली आणि लाइन चालू केली.

दुसऱ्या दिवशी ते पिशवीत तो नारळ घेऊन आले. इतक्या दिवसांत आतलं पाणी आटलं होतं, खोबरं खुळखुळत होतं. उंबऱ्यावर नारळ धरून त्यांनी मला विचारलं, "हा निरोपाचा नव्हता ना, बाई? एकदा नीट सांगा."

"नव्हता, भाऊ."

"मंग फोडतो."