दिवस बुडायच्या आत निपाणी

जपानात दोन वर्षे राहून आलेल्या माणसाला आपल्याकडे घरी स्वस्थ बसू देत नाहीत. मी नागोयाला चिनी मातीची भांडी घडवायला शिकून आलो. पण पुण्यात परतल्यापासून भांडी थोडी आणि भाषणेच जास्त घडवतो आहे. बेळगावच्या एका वाचनालयात असेच एक भाषण झाले. पहिल्या भागात मी जपानी गिरण्या, ट्राम आणि रात्रीचा दिवस करणारे विजेचे दिवे यांचे वर्णन केले. दुसऱ्या भागात माझ्या म्हाताऱ्या घरमालकिणीचे. ती कुणाला जोडे घालून आपल्या चटईवर पाय ठेवू देत नसे, मग तो आगगाडीचा इंजिनिअर का असेना. आणि अन्नाला हात जोडल्याशिवाय घास तोंडात घालत नसे. मीही दोन वर्षे तिच्याबरोबर हात जोडले. 'त्यांनी यंत्रे घेतली, पण घर सोडले नाही' हे माझे शेवटचे वाक्य. त्याला टाळ्या पडतातच.

त्या सभेला निपाणीचे तंबाखूचे व्यापारी भरमाप्पा आणि त्यांचा मुलगा नेमण्णा असे दोघे आले होते. बापाने माझे अर्धे भाषण घरी नेले, लेकाने उरलेले अर्धे नेले, आणि दोघे ते घेऊन एकमेकांशी भांडू लागले. याचा मला पत्ताही नव्हता. काही दिवसांनी, मी पुण्याला परतायच्या बेतात असताना, माझ्या बेळगावच्या बिऱ्हाडापुढे भाड्याची मोटार येऊन उभी राहिली आणि तिच्यातून नेमण्णा उतरला. बुटांना पॉलिश, डोक्यावर हॅट, पोरगा हसरा.

"उद्या माझं लगीन हाय, मास्तर," तो म्हणाला. मी मास्तर नव्हे. पण भाषण करतो तो मास्तर, असा तिकडे समज आहे. "आप्पांनी तुमास्नी आणायला सांगितलंय. आमच्या भांडणाचा निकाल तुमी लावायचा."

मला प्रवासाला कारण लागत नाही, आणि लग्नाचे जेवण तर मी कधी सोडलेले नाही. पिशवी उचलून मोटारीत बसलो. पाय ठेवायला मात्र जागा नव्हती. गवतात गुंडाळलेल्या सहा गॅसबत्त्या आत नीट मांडून ठेवल्या होत्या.

भांडणाचे मूळ त्या बत्त्याच होत्या. नेमण्णाचे घराणे जैन. त्या घरात दिवस बुडाल्यावर कुणी अन्नाला शिवत नाही, आणि भरमाप्पांनी, म्हणजे त्याच्या आप्पांनी, तर जन्मात कधी दिव्याच्या उजेडात घास घेतलेला नाही. नेमण्णाला लग्नाची पंगत रात्री हवी होती. बेळगावचे त्याचे मित्र कचेऱ्या सुटल्यावर येणार होते. त्यांना बत्त्यांच्या लखलखाटात बसवून वाढायचे त्याच्या मनात होते.

"जपानात रातच्याला दिव्याखाली जेवत्यात का न्हाय?" त्याने मला विचारले.

"जेवतात."

"मग तेवढंच आप्पास्नी सांगा. बाकी म्हातारीचं काय सांगू नका."

"आणि आप्पा काय म्हणतात?"

"रातची पंगत केलीस तर मी तुझ्या लग्नात जेवणार न्हाय, म्हणत्यात." बाप उपाशी असताना पंगत कशी बसवायची, हे काही त्याला सुचत नव्हते.

शहर मागे पडले आणि काळी जमीन सुरू झाली. हिरव्या-पिवळ्या शेतांत मध्येच तंबाखूची पाने उन्हात वाळत पसरलेली दिसत. त्यांचा उग्र वास मोटारीत शिरला की मला शिंका येत आणि नेमण्णा खूश होत असे; त्याच्या दृष्टीने तो घरचा वास होता. संकेश्वरच्या अलीकडे एका गुऱ्हाळावर ड्रायव्हर दस्तगीरने गाडी थांबवली. बेळगाव-निपाणी रस्त्यावरच्या प्रत्येक गुऱ्हाळवाल्याशी या गृहस्थाची ओळख होती. आम्हाला पानावर गरम काकवी मिळाली. मी पुणेरी घाईने ती तोंडात घातली आणि जीभ भाजून घेतली. त्यानंतर निपाणीपर्यंत मी फारसा बोललो नाही, आणि त्यामुळे नेमण्णाला आपली बाजू मांडायला भरपूर वेळ मिळाला.

"पण आज तुला लवकर पोचायला हवे ना?" मी कसेबसे विचारले. त्यानेच मघाशी सांगितले होते की, त्यांच्या घरी लग्नाच्या आदल्या दिवशी बाप आणि नवरा मुलगा एका ताटात जेवतात. अर्थात दिवस बुडायच्या आत. आप्पांनीही आपल्या वडिलांबरोबर असेच जेवून मग बाशिंग बांधले होते.

"मोटार हाय की," नेमण्णा म्हणाला. "काळजी कसली?"

तवंदीचा घाट लागला आणि मोटारीने मागच्या बाजूला कडाडकन आवाज केला. स्प्रिंगचा पाटा तुटला होता. दस्तगीर खाली वाकून बराच वेळ बघत राहिला आणि मग रस्त्याच्या कडेला बसला. ड्रायव्हर बसला म्हणजे काय समजायचे ते मला ठाऊक आहे.

"आता संकेश्वरचा लोहार आणल्याबिगर ही हलत न्हाय," तो म्हणाला.

मी डोंगर बघत होतो. नेमण्णा सूर्य बघत होता. सबंध वाटेत ज्याने 'कुठल्या काळातल्या रीती धरून बसायचं' म्हणून माझे कान किटवले, तो आता दर घटकेला हात कपाळावर धरून मावळतीकडे डोळे लावत होता. "आप्पा ताटावर बसले असतील," तो एकदा स्वतःशीच म्हणाला. कडब्याची एक बैलगाडी घाट उतरत आली तेव्हा त्याने बत्त्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्या दस्तगीरच्या हवाली करून आम्ही कडब्यावर चढलो.

बैलांना मात्र कुणाच्या लग्नाची घाई नव्हती. घाट उतरला, ऊन पिवळे झाले, झाडांच्या सावल्या शेतांवर लांबल्या. शेवटी नेमण्णाला राहवेना. त्याने बूट काढून माझ्या मांडीवर ठेवले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गाडीतून उडी टाकून तो धावत सुटला. नवरदेव लग्नाच्या आदल्या दिवशी अनवाणी पळतो आहे हे पाहून शेतातल्या बायका हात थांबवून बघत राहिल्या. मी कडब्यावर, हातात दुसऱ्याचे बूट. त्या अवस्थेत मी निपाणीत शिरलो तेव्हा दिवस बुडालेला होता.

घर सापडायला अडचण पडली नाही, कारण दारात मांडव होता आणि मांडवाच्या खांबाला धरून नेमण्णा उभा होता. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले, छाती भात्यासारखी हलत होती.

"आत का गेला नाहीस?"

"येशीपाशी आलो आणि बुडाला, मास्तर. कुठल्या तोंडानं आत जाऊ?"

मी त्याचा दंड धरून त्याला आत नेले. सोप्यात आप्पा पाटावर बसले होते. अंगात बाराबंदी, डोक्याला रुमाल, पुढे मोठे पितळी ताट आणि त्यावर झाकण. बाजूचा पाट रिकामा होता. नेमण्णाची आई, जिला सगळे आक्का म्हणत, ती भिंतीशी उभी होती. कोनाड्यात समई लागलेली होती.

"गाडी मोडली, आप्पा," नेमण्णा म्हणाला.

"ते मला ठाव हाय. तू आला असतास न्हाय तर. बस."

"दिवस बुडाला."

"बुडू दे." आप्पांनी ताटावरचे झाकण काढले. खपली गव्हाची हुग्गी (गुळातली घट्ट खीर) होती, भाकरी होती, वांग्याची भाजी होती. "उद्या तुझं लगीन. आज एका ताटात जेवायचं ऱ्हाऊन गेलं तर मला जल्मभर लागंल. मास्तरांच्या जपानात रातचं जेवत्यात म्हणं. एक डाव मीबी जेवतो."

आक्काने तोंडाला पदर लावला. आप्पांचा हात हुग्गीकडे निघाला. मी जवळ उभा होतो. साठ वर्षांत जे केले नाही ते करायला निघालेला हात होता तो, आणि तोही लेकासाठी.

नेमण्णा पाटावर बसला आणि त्याने बापाच्या हातावर आपला हात ठेवला.

"न्हाय आप्पा. सकाळी."

"लेका, दिवसभर फिरलायस. भूक लागली असंल."

"लागलीय की. सकाळी जेवू. तुमच्यासंगं."

आप्पांनी हात मागे घेतला. ते नेमण्णाच्या धुळकट पायांकडे बघत राहिले. निकाल लावायला मला एवढ्या लांब आणले होते आणि मला कुणी एक शब्दही विचारला नाही. याचा मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

मला उपाशी ठेवायला मात्र आक्का तयार होईना. "पाव्हण्यांस्नी कसला नेम?" म्हणून तिने उजेडी रांधून ठेवलेले अन्न माझ्या पुढ्यात मांडले. मीही आढेवेढे घेतले नाहीत. दोन उपाशी माणसे मला आग्रह करत होती आणि मी हुग्गी ओरपत होतो, असे दृश्य होते ते.

सकाळी ऊन अंगणात आल्यावर बापलेक एका ताटात जेवले. मग नेमण्णाने आपण होऊन बेळगावला तार ठोकली: मित्रांनी कचेरीतून अर्धी रजा काढावी, पंगत उन्हात बसेल. बहुतेक सगळे आले. लग्न लागल्यावर आप्पा पंगतीत मधोमध बसून जेवले आणि त्यांनी दोनदा हुग्गी मागून घेतली.

तोवर दस्तगीर मोटार नीट करवून बत्त्या घेऊन पोचला होता. अंधार पडताच नेमण्णाने त्या मांडवात लावल्या आणि लोकांनी मला जपानवर बोलायला उभे केले. माझ्या भाषणाकडे आप्पांचे मुळीच लक्ष नव्हते. ते एका बत्तीजवळ बसून तिला पंप मारत होते. उजेड वाढला की मान वर करून बघत. "ह्ये बाकी लई झ्याक हाय," त्यांनी भर भाषणात नेमण्णाला हाक मारून सांगितले. "तुमच्या त्या म्हातारीला कधी कळवलंत, तर आमच्या बत्त्यांचंबी लिवा," हे मला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मी त्याच मोटारीने निघालो. आक्काने फडक्यात भाकरी, शेंगांची चटणी आणि हुग्गीचा डबा बांधून दिला. "दिवस बुडायच्या आत खावा," ती म्हणाली. पाहुण्याला नेम नाही म्हणणारी हीच बाई. पण मी आता पाहुणा राहिलो नव्हतो, असे दिसले.

तवंदीच्या घाटात, मोटार जिथे मोडली होती त्याच्या जवळच, मी गाडी थांबवायला सांगितली.

"पाटा तर आता घट हाय," दस्तगीर म्हणाला.

"जेवायचे आहे."

"बेळगावात जाऊन जेवला असता की. दोन तासांत पोचतो."

खाली निपाणीकडे शेतांवर ऊन होते. नागोयाच्या त्या चटईवर मी दोन वर्षे अन्नाला हात जोडले होते. तिथे कुणी सक्ती केली नव्हती. ती घरमालकीण मला आवडत होती, एवढेच कारण होते. सभांतून मी त्याला मोठमोठी नावे दिली. कारण मात्र तेवढेच होते, आणि इथेही तेच होते. मी फडके सोडले, अर्धी भाकरी दस्तगीरला दिली, आणि सवयीने माझे हात जोडले गेले. सूर्य अजून डोंगरावर हातभर होता. आम्ही सावकाश जेवलो.